बेटावर बास कुठे सापडेल? आधी मे महिन्यात गिरणा धरणाचा तळ बघून या

दादा, नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही शहाद्याचे, थोरल्या बहिणीकडे हवाईतल्या ओआहू बेटावर जानेवारीत तीन आठवडे जाणार आहात. तापीवर, सारंगखेड्याच्या वरच्या अंगाला लहानपणापासून गळ टाकलेला आहे. व्हिडिओत बास या परदेशी शिकारी माशाचा दणका बघितल्यापासून एकच ध्यास लागलाय, म्हणून 'बेटावरची गोड्या पाण्यातल्या बासची सगळ्यात चांगली जागा कोणती, लोकेशन द्या' असं विचारलंय. शेवटी जाता जाता, आपल्या शेततळ्यात बास सोडता येईल का, हेही विचारलंय. त्या दुसऱ्या प्रश्नावर मला जास्त बोलायचंय, पण शेवटी.

मी चाळीसगावकडचा. जहाजावर नोकरी होती तेव्हा ओआहूवरचं होनोलुलू आणि कॅरिबियनमधल्या प्वेर्तो रिको बेटावरचं सान हुआन या दोन्ही बंदरांत मुक्काम पडायचे आणि सुट्टी मिळाली की मी बंदरात न थांबता आत डोंगराकडे, धरणांवर जायचो. आता गिरणा, मन्याड आणि बोरी ही इकडची धरणं हेच माझं पाणी. दोन्हीकडचा अनुभव असल्यामुळे सांगतो, लोकेशन दिलं तर तुमचं नुकसान होईल. नकाशावरचा ठिपका जागचा हलत नाही, पाणी मात्र वर-खाली होतं आणि मासा पाण्याबरोबर सरकतो. तुमची खरी अडचण वेगळी आहे: कधीही न पाहिलेलं पाणी थोड्या दिवसांत कसं ओळखायचं? त्याचं उत्तर देता येतं, आणि त्याचा सराव शहाद्याहून निघायच्या आधी इथेच होतो.

सुरुवात अशी करा की बास मूळचा त्या बेटांवरचा नाहीच. लार्जमाउथ बास उत्तर अमेरिकेतला. हवाईत तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नेऊन सोडला, प्वेर्तो रिकोत १९१५ साली. पीकॉक बास दक्षिण अमेरिकेतला, हवाईत १९५७ मध्ये आणलेला. हा लार्जमाउथच्या कुळातला नाही, आपल्याकडे पसरलेल्या चिलापीच्या (टिलापियाच्या) कुळातला आहे, आणि वागतोही वेगळा. बेटावरच्या नद्या आखूड, उताराच्या, मोठी नैसर्गिक सरोवरं अगदी मोजकी. त्यामुळे बास राहतो तो बहुतेक ठिकाणी माणसाने अडवलेल्या पाण्यात. ओआहूवरचा वाहियावा जलाशय, ज्याला लोक लेक विल्सन म्हणतात, तो १९०५-०६ च्या सुमारास उसाच्या पाण्यासाठी बांधला. पुढे १९९६ मध्ये तिथला वायालुआचा साखर कारखाना बंद पडला, पण तळं राहिलं आणि शेतीला पाणी देणं चालू राहिलं. प्वेर्तो रिकोतलं दोस बोकास विजेसाठी बांधलेलं. म्हणजे व्हिडिओत बेट दिसतं, निळा समुद्र दिसतो, पण तुम्ही ज्या काठावर उभे राहणार ते एक पाटबंधाऱ्याचं धरण आहे. आणि धरण वाचायला खानदेशातल्या माणसाला दुसऱ्याकडे जायची गरज नाही.

म्हणून कुठल्याही धरणावर पहिला प्रश्न एकच: हे पाणी कोणासाठी अडवलंय आणि ते कधी सोडतात? सिंचनाचं धरण हंगामात हळूहळू उतरतं. विजेचं धरण एका दिवसातही वर-खाली होऊ शकतं. सारंगखेडा, प्रकाशा, सुलवाडे ही बॅरेज पावसाळ्यात दरवाजे उघडे ठेवतात आणि पाऊस ओसरला की अडवतात. हतनूर तापी-पूर्णेच्या संगमाखाली असल्याने गाळ एवढा येतो की फुगवट्यात लांबवर उथळ पाणी आणि पाणवनस्पती. तिथे मरळ आणि पाणपक्षी भरपूर, पण धरणाचा तळ शिकायला ते सोयीचं नाही. गिरणा धरण सगळ्यात चांगला गुरू आहे. ते नांदगाव तालुक्यात आहे, पाणी मुख्यतः जळगाव जिल्ह्याला जातं, दरवर्षी भरतंच असं नाही आणि उन्हाळ्यात भरपूर उतरतं.

तर आता एप्रिल चालू आहे. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात गिरणेवर या. गळ, रॉड काही आणू नका. सकाळी सहाला उघड्या पडलेल्या जमिनीवर उतरा आणि नुसते चाला. भोई वस्तीतले एक आबा मला म्हणायचे, "पानी उतरनं का मंग ये भो, तवय जमीन सांगस." त्यांनी मला काठाकाठाने फिरवून जे दाखवलं तेच तुम्हाला सांगतो.

वरच्या भागात गाळपेराची, म्हणजे पाणी उतरल्यावर गाळात पेरलेली, शेतं दिसतील, सपाट, भेगाळलेली. तिथून मासा जातो-येतो, थांबत नाही. खाली उतरत जा. कुठेतरी पायाखालचा काळा गाळ संपून मुरूम लागेल, आणि मुरमाच्या पुढे उतार एकदम मोडलेला असेल. पाऊल टाकताना गुडघ्याला झटका बसतो तो मोड. पाणी चढलं की हीच कड माशाची वाट होते. पुढे जुन्या नाल्याचं पात्र शोधा. धरण होण्याआधी जो नाला नदीला मिळत होता, तो तळाशी अजून तसाच वळणं घेत गेलेला असतो. एखाद्या वळणावर तो काठाच्या अगदी जवळ येतो. अशा वळणाशी बाभळीचं खोड, बुडालेल्या विहिरीचा कठडा किंवा जुन्या बांधाचे दगड असतील तर त्या जागेचा फोटो घ्या. पण फोटोत काठावरची न बुडणारी खूण हवी, टेकडीचा सुळका, विजेचा खांब, देऊळ, काहीही. दोन खुणा एका रेषेत धरा. ऑक्टोबरात धरणात पाणी आलं की त्या रेषेवर उभे राहून गळ टाका. समोर सगळीकडे सारखं पाणी दिसत असताना तुम्हाला मात्र तळ माहीत असेल.

हवाईत जाऊन तळं आटण्याची वाट बघता येणार नाही. तिथे गुगल अर्थवरची जुनी चित्रं कामाला येतात. वाहियावाची वेगवेगळ्या सालांची उपग्रहचित्रं एकामागोमाग बघा आणि ज्या चित्रात पाणी सगळ्यात खाली आहे, काठाला लाल मातीचा पट्टा उघडा पडलाय, ते थांबवून ठेवा. पाण्यात शिरलेली जमिनीची टोकं, बुडालेल्या पात्राचं वळण, आत येणाऱ्या ओढ्याचं तोंड, सगळं त्यात दिसतं. ते जलाशय दोन ओढ्यांच्या दऱ्यांत भरलेलं असल्यामुळे लांब, अरुंद, बोटांसारखं पसरलंय आणि काठ तीव्र उताराचे आहेत. गिरणेत मोड शोधायला बरंच चालावं लागतं. तिथे बऱ्याच ठिकाणी काठ हाच मोड असतो. उलट तिथे उथळ सपाटी कमी असते, म्हणून ती जिथे आहे तिथेच लक्ष द्या. जमिनीचं टोक पाण्यात शिरतं, थोडं सपाट चालतं आणि मग खाली कोसळतं, तिथे पहिला दिवस घालवा.

आता एक गोष्ट जी थंड देशांतले व्हिडिओ बघून आपल्याकडचे लोक चुकीची शिकतात. त्या व्हिडिओत सांगतात, ऊन वाढलं की मासा खोल थंड पाण्यात जातो. उष्ण प्रदेशातल्या धरणात बहुतेक वेळा असं होत नाही. वरचं पाणी तापून हलकं होतं, खालचं जड राहतं, दोन्ही मिसळत नाहीत. तळाशी कुजणारा पालापाचोळा आणि गाळ तिथला प्राणवायू संपवतो. मग खालचं पाणी थंड असलं तरी बासला तिथे जगता येत नाही. तो वरच्या काही मीटरांतच राहतो आणि उन्हापासून आडोसा मागतो: काठावरून पाण्यावर झुकलेली फांदी, पडलेलं झाड, होड्यांचा धक्का, पाणवनस्पतीची कड.

हे पडताळून बघायचं असेल तर एक साधी युक्ती आहे. मत्स्य सोसायटीच्या होडीतून भिंतीपासून दूर, पण खोल आणि संथ पाण्यात जिवंत झिंगा जाळीच्या छोट्या पिशवीत घालून शिशाच्या वजनाने तळापर्यंत सोडा. पंधरा-वीस मिनिटांनी वर घ्या. दुसरा झिंगा त्याच वेळी दोन मीटरवर लटकवा. खालचा मेलेला किंवा पार निपचित आणि वरचा टणाटण उड्या मारत असेल, तर उत्तर तुमच्या हातात आहे. वारा जोराचा असेल किंवा पाणी फारच उतरलेलं असेल तर वर-खालचं पाणी मिसळलेलं असतं आणि दोन्ही जिवंत येतात. तेव्हा खोलीचा विचार वेगळा करावा लागतो. म्हणून मी ठाम आकडा देत नाही. पाण्याला विचारायची पद्धत देतो.

इथे मरळ आणि बास यांतला फरक लक्षात घ्या, कारण तुमचा हात मरळवर बसलेला आहे. दोघेही दबा धरून बसणारे, दोघांनाही आडोसा लागतो, दोघेही पृष्ठभागावरच्या रबरी बेडकावर झेप घेतात. पण मरळ वर येऊन हवा घेतो. त्याला पाण्यातला प्राणवायू संपला तरी भागतं, म्हणून तो बेशरमाच्या झुडपांत, जलपर्णीखाली, पाटाच्या साचलेल्या कोमट पाण्यातही मजेत असतो. बासला तिथे गुदमरायला होतं. मरळच्या सवयीने तुम्ही तिथल्या सगळ्यात दाट गवताच्या मध्यात गळ टाकाल; टाकू नका. गवताची बाहेरची कड, जिथे पाणी हलतं, ती बासची. पीकॉक बास तर आणखी उघड्यावर येतो. तो दिवसा, डोळ्याने शिकार करतो आणि ऊन चढल्यावरही खातो, अंधारात शांत असतो. लार्जमाउथसाठी पहाट आणि तिन्हीसांज धरा. दोघांसाठी एकच वेळ ठेवली तर एक तरी हातचा जाईल.

वाऱ्याचं बघा. साक्रीकडच्या ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या तुम्ही पाहिल्याच असतील. उन्हाळ्याच्या शेवटी पश्चिमेचा वारा कसा सुटतो ते तुम्हाला सांगायला नको. तो वारा सलग दोन-तीन दिवस चालला की धरणाच्या पूर्वेच्या काठावर लाटा आपटतात, शेवाळाचे सूक्ष्म कण तिकडे ढकलले जातात, त्यामागे बारीक मासे आणि त्यामागे शिकारी. हवाईत वारा बहुतेक काळ ईशान्येकडून वाहतो, म्हणजे नैर्ऋत्येचा काठ बघायचा. पण जानेवारीत तिथला पावसाळी हंगाम असतो आणि वारा कधी कधी उलटा, दक्षिणेकडूनही फिरतो. सकाळी उठल्यावर आधी झाडाचा शेंडा कुठे झुकलाय ते बघा, मग बाजू ठरवा.

पावसाचं थोडं जास्त सांगतो, कारण त्यात जिवाची काळजी आहे. गोमाई नदी कशी येते हे शहाद्याच्या माणसाला कोणी शिकवायला नको: गावात ऊन, सातपुड्यात ढग, आणि कोरड्या पात्रात अचानक लोंढा. बेटावरचे ओढे याहून आखूड आणि याहून चपळ. डोंगरमाथ्यावर पाऊस दिसला की ओढ्याच्या पात्रातून बाहेर. मात्र पाऊस थांबल्यावर, ओढ्याचं गढूळ पाणी जलाशयाच्या निवळ पाण्यात शिरतं तिथे एक स्पष्ट रेघ दिसते. त्या रेघेला लागून, निवळ बाजूने गळ ओढत आणा. गढुळात लपलेला शिकारी निवळातला मासा टिपतो. आपल्याकडे जूनच्या पहिल्या पुरात नाल्याच्या तोंडाशी शिवडा आणि शिंगाळा लागतो तो याच कारणाने.

आणि पक्षी बघा. वाहियावाच्या काठावर संध्याकाळी रातबगळा दिसेल, आपल्या तापीवर असतो तोच. तो एकाच फांदीवर रोज बसत असेल तर त्याच्याखाली बारीक मासा आहे. तिथल्या धरणांत शॅड नावाची चंदेरी बारकी मासळी मुद्दाम बासच्या खाद्यासाठी सोडलेली आहे. तिचा थवा पृष्ठभागावर पावसाच्या थेंबांसारखा थरथरतो, आणि एकदम फुटून उडाला की खाली कोण आहे ते समजायचं.

साहित्यावर फार बोलत नाही. तुमचा मध्यम ताकदीचा सहा-साडेसहा फुटी रॉड, ब्रेडेड दोरा, एक रबरी बेडूक, एक चंदेरी मासळीसारखं आमिष आणि तळाजवळ हळू चालवायचा रबरी किडा एवढ्यावर काम होतं. जागा बरोबर असेल तर साधं आमिष चालतं.

तीन आठवड्यांतले पहिले तीन दिवस असे घालवा. पहिल्या दिवशी रॉड न घेता काठाने फिरा, पाण्याची पातळी कालपेक्षा वर आहे की खाली हे ओल्या पट्ट्यावरून बघा, आणि तिथल्या म्हाताऱ्या गळकऱ्यांशी बोला. दुसऱ्या दिवशी चित्रावरून निवडलेल्या फक्त दोन टोकांवर पहाट ते दहा. तिसऱ्या दिवशी वाऱ्याच्या बाजूचा काठ आणि ओढ्याचं तोंड. जिथे दोन गोष्टी एकत्र मिळतील, म्हणजे मोड आणि आडोसा, किंवा आडोसा आणि आत येणारं पाणी, तिथे मुक्काम करा. तीनही एकत्र मिळाल्या तर पुढचे अडीच आठवडे तीच तुमची जागा, फक्त पातळी बदलेल तसे चार पावलं मागेपुढे सरका.

परवान्याचं विसरू नका. हवाईत गोड्या पाण्यातल्या अशा मासेमारीला परवाना लागतो, तो ऑनलाइन काढता येतो. वाहियावाला सरकारी उद्यानातून पाण्यापर्यंत जाता येतं, तिथूनच जा. काऊआई बेटावर गेलात तर तिथली बरीच तळी जुन्या उसाच्या मळ्यांची, खासगी आहेत. फाटक उघडं दिसलं म्हणून आत शिरू नका. पायाला जखम असेल तर तिथल्या ओढ्या-तळ्यात उतरू नका, लेप्टोस्पायरोसिस या जंतुसंसर्गाचा धोका खरा आहे. आपल्याकडेही तेच: धरणातली मासेमारी सहसा मत्स्य सहकारी सोसायटीकडे ठेक्याने असते. आधी त्यांच्या माणसाला भेटा, परवानगी घ्या. ज्यांचं पोट त्या पाण्यावर आहे त्यांना विचारल्याशिवाय दोरा भिजवायचा नाही. शिरपूरकडचं अनेर धरण अभयारण्यात आहे, तिकडे गळ नेऊच नका. आणि मरळच्या जोडीभोवती लालसर पिल्लांचा पुंजका वर-खाली होताना दिसला तर तिथून निघून जा. आईबाप उचलले की दुसरे मासे काही मिनिटांत पिल्लं साफ करतात.

आता शेततळं. दादा, कृपा करून बास आणू नका, कुठून बी मिळतंय असं कोणी सांगितलं तरी. तुम्ही म्हणाल, माझं तळं बंदिस्त आहे, प्लॅस्टिकचा कागद आहे. एका मोठ्या पावसात तळं काठोकाठ भरून चारीत वाहतं, चारी नाल्यात, नाला गोमाईत, गोमाई तापीत. ग्वाटेमालातल्या अटिट्लान सरोवरात १९५८ च्या सुमारास पर्यटकांच्या गळासाठी बास सोडला. त्याने तिथले छोटे मासे आणि खेकडे फस्त केले. तिथे आपल्या टिबुकलीच्या कुळातला एक मोठा पक्षी होता, जगात फक्त त्याच सरोवरावर. काठचं पाणगवत कापणं, १९७६ च्या भूकंपानंतर उतरलेलं पाणी, अशी इतरही कारणं होती, पण बासने त्याचं अन्न खाल्लं आणि पिल्लंही खाल्ली. तो पक्षी आज जगात नाही.

आपल्या नद्यांनी असे पाहुणे आधीच सोसलेत. चिलापी सगळीकडे पसरली. आफ्रिकन मांगूरवर देशात बंदी आहे, तरी तो चोरून पाळला जातो. खडशी, वाम, शिंगाळा यांच्यासाठी तापीत आधीच डोह उरले नाहीत. वाळू गेली, पाणी अडलं. त्यात दबा धरून बसणारा आणखी एक तोंडाळ शिकारी सोडला तर आपल्या नातवंडांना खडशी फक्त चित्रात दाखवावी लागेल. मला हे फार मनापासून वाटतं.

शेततळ्यात रोहू, कटला, मृगळ टाका. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सरकारी मत्स्यबीज केंद्रातून घ्या. शिकारीची हौस असेल तर मरळ वेगळ्या छोट्या तळ्यात पाळता येतो, मात्र काठाला उंच जाळी लावा, पावसाळ्यात तो उडी मारून, सरपटत बाहेर जातो. आणि मेमध्ये गिरणेवर येणार असाल तर आठवडाभर आधी कळवा. सोसायटीच्या होडीची सोय मी करून ठेवतो, झिंगे तिथेच मिळतील. टोपी आणि पाणी तेवढं भरपूर आणा, नऊनंतर त्या उघड्या तळात सावली नसते.